तटस्थ टटल आणि कोरालीबाईंचं शेत

हॉलिस टटल निवडणुकीला उभे नव्हते. त्या दिवशी ते उभे होते ते फक्त टाउन हॉलच्या दारातल्या रांगेत, मत द्यायला. नियोजन मंडळाच्या एका जागेसाठी वेस्ट हार्लो गावातून कोणीच अर्ज भरला नव्हता. अशा वेळी मतपत्रिकेवर एक कोरी ओळ असते आणि मतदारानं मनाला येईल ते नाव तिथं लिहायचं असतं. टटलनी ती ओळ कोरीच सोडली. न विचारता एखाद्याचं नाव लिहिणं म्हणजे न कळवता त्याच्या घरी पाहुणे पाठवण्यासारखं, असं त्यांना वाटलं.

गावाला तसं वाटलं नसावं. दुसऱ्या दिवशी टाउन हॉलमधून, गावाचं दफ्तर सांभाळणाऱ्या क्लार्कबाईंचा फोन आला. टटल आयुष्यभर गावाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते, त्यामुळे सरकारी आवाज ऐकला की आपल्याकडं कुणाचं तरी पुस्तक राहिलंय, अशी पहिली शंका त्यांना येते.

“अभिनंदन हॉलिस! तुम्ही निवडून आलात.”

“कुठं?”

“नियोजन मंडळावर. चौदा मतं पडली.”

“आणि दुसऱ्या नंबरवर कोण आहे?” टटलनी आशेनं विचारलं.

“कोच ड्यूबेंचा कुत्रा. त्याला तीन.”

टटल विचारात पडले. माघार घ्यायची तर ती कुत्र्याच्या बाजूनं घ्यावी लागणार. माणूस भिडस्त असला, स्वतःविषयी त्याचं मत फारसं चांगलं नसलं, तरी अपमान सोसण्याला कुठंतरी हद्द असते. त्यांनी पद स्वीकारलं.

ही चौदा मतं आली कुठून, हे कळायला टटल यांची मान समजून घ्यायला हवी. समोरचा बोलत असताना टटल मान हलवतात. त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच असतो. ज्या इमारतीत मोठ्यानं बोलायला बंदी, तिथं जन्म काढलेल्या माणसाकडं दुसरं साधन तरी काय असणार? पण बोलणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला पटलाय. गेलं वर्षभर गावात एकाच विषयावर बोलणं चाललं होतं आणि टटल सगळ्यांपुढं मान हलवत होते.

विषय होता कोरालीबाई बिस्बींच्या गवताच्या शेताचा. हे शेत म्हणजे टटल यांच्या मागच्या दारापासून कोरालीबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंतचा उतार. शेताच्या कडेनं एक पायवाट होती आणि ती पाडली होती टटल यांच्याच बुटांनी. दर गुरुवारी चार वाजता ते त्या वाटेनं जात आणि दोघं क्रिबेज खेळत. क्रिबेज हा पत्त्यांचा खेळ, त्यात गुण मोजायला भोकांच्या फळीवर खुंट्या सरकवायच्या असतात. खेळ बाई जिंकत आणि आल्याचा गरम केक टटल खात. या व्यवहारात आपण फायद्यात आहोत, असं टटल यांचं मत होतं, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

बाई विधवा होत्या. घराचं छप्पर गळत होतं, गावाचा कर दरवर्षी वाढत होता आणि ॲरिझोनातली मुलगी रोज फोन करत होती, “आई, विक ते घर आणि इकडं ये.” अशात एका सोलर कंपनीनं शेत भाड्यानं मागितलं. भाड्यात छप्पर होणार होतं, कर भागणार होता. पण शेत निवासी भागात होतं. तिथं सोलर पॅनेल उभारायचे तर नियोजन मंडळाची खास परवानगी हवी. परवानगी मिळाली तर बाई राहणार, नाही मिळाली तर बर्फ पडायच्या आत ॲरिझोना.

विरोध होता तो वरच्या टेकडीवर राहणाऱ्या रॉस्को ड्यूबेंचा. शाळेच्या हॉकी संघाचे हे निवृत्त कोच. गाव अजून त्यांना कोचच म्हणतं आणि तेही अजून मैदानाच्या पलीकडल्या कडेला ऐकू जावं असंच बोलतात. त्यांनी नुकताच घरामागं लाकडी सज्जा बांधला होता, खुर्ची टाकून शेत बघत बसायला.

निवडीचा फोन आला त्याच संध्याकाळी कोच टटल यांच्या दारात हजर झाले.

“हॉलिस! मी मत दिलं, बायकोनं दिलं, माझ्या जुन्या पोरांनी दिलं. म्हटलं, हा बोलत नाही पण पक्का आपला आहे. सोलर विरुद्ध! बरोबर ना?”

टटलनी मान हलवली. म्हणजे त्यांनी ऐकलं.

“शाबास! ही पाटी लाव.” आणि स्वतःच हातोडीनं त्यांनी ती अंगणात ठोकली. पाटीवर होतं, ‘आमची टेकडी, आमची नजर, काच नको’.

कोच गेले आणि तासाभरात कोरालीबाईंच्या चर्चमधल्या मैत्रिणी आल्या. “हॉलिस, आम्ही सगळ्यांनी तुमचंच नाव लिहिलं हं! कोरालीसाठी.” टटलनी मान हलवली. जाताना त्यांनी अंगणाच्या दुसऱ्या बाजूला पाटी रोवली, ‘सूर्य सगळ्यांचा’.

आता एक पाटी काढावी तर पक्षपात होणार, दोन्ही काढाव्यात तर दोन्ही घरांचा अपमान. टटलनी टेप आणली आणि दोन्ही पाट्या दारापासून सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, ते मोजलं. कोचांची पाटी थोडी जवळ होती. त्यांनी ती मागं सरकवली. तटस्थतेची सुरुवात झाली होती.

शपथ देताना क्लार्कबाईंनी दोन नियम सांगितले, ते सगळ्यांनाच सांगतात तसे, सहीची शाई वाळेपर्यंत. एक म्हणजे मंडळात पाच सदस्य. त्यांतले तीन बाहेर एकत्र येऊन कामाचं बोलले, तर ती बेकायदा बैठक होते, कारण बैठक नेहमी जनतेसमोर व्हायला हवी. आणि दुसरा, सुनावणी संपेपर्यंत अर्जदाराशी प्रकरणावर खासगीत बोलायचं नाही.

गावं चालतात ती लोक नियम वाचत नाहीत म्हणून. टटल यांनी मात्र आयुष्यात वाचण्यापलीकडं काही केलं नव्हतं. त्या शनिवारी ते न्याहारीच्या हॉटेलात धिरडी खात असताना मंडळाच्या अध्यक्षा प्रिसिला गॅलूशाबाई आत आल्या आणि त्यांच्यामागून आणखी एक सदस्य. “गुड मॉर्निंग, हॉलिस!” दोघं एकदमच म्हणाले. टटलनी मोजलं. तीन. ते धिरडी तशीच टाकून मागच्या दारानं बाहेर पडले. त्यांच्या पोटात काही बिघडलंय, असं हॉटेलात सगळ्यांचं मत झालं आणि पुढं आठवडाभर लोक त्यांना सौम्य आहार सुचवत राहिले.

मग आला गुरुवार. टटल पावणेचारला तयार होऊन मागच्या दारात उभे राहिले आणि तिथंच थबकले. कोरालीबाई अर्जदार होत्या. तिथं गेलं की त्या विचारणार, “काय म्हणतंय तुझं मंडळ?” उत्तर दिलं तर नियम मोडणार, नाही दिलं तर मैत्री. जायचंच नाही, हे उत्तम. पण का येत नाही, हे तरी कळवावं की नको? कारण सांगायचं तर प्रकरणाचा उल्लेख आलाच, आणि प्रकरणाचा उल्लेख म्हणजे प्रकरणावर बोलणं. टटल पाच वाजेपर्यंत दारात उभे होते. शेताच्या पलीकडं स्वयंपाकघराच्या खिडकीत बाई उभ्या असलेल्या त्यांना दिसत होत्या. बाईंनाही ते दिसत असणार. दोघांनीही हात केला नाही.

पुढच्या गुरुवारीही टटल गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

आमच्याकडं राजकारण टाउन हॉलमध्ये होत नाही, ते शनिवारी सकाळी गावाच्या कचरा डेपोवर होतं. प्रत्येकानं आपला कचरा आपणच नेऊन टाकायचा असतो, आणि बाटल्या एकीकडं, पुठ्ठे एकीकडं करता करता देशाचे प्रश्न निकालात निघतात. टटल डेपोवर पोचले की त्यांच्याभोवती घोळका जमू लागला.

“पॅनेल ऊन ओढून घेतात,” एक म्हातारा म्हणाला. “माझ्या बहिणीच्या गावी लागले, तेव्हापासून तिचे टोमॅटो हिरवेच राहतात.”

“तुझ्या बहिणीचे टोमॅटो आधीपासूनच हिरवे होते,” दुसरा म्हणाला. “हॉलिस, पॅनेलखाली मेंढ्या सोडतात म्हणे. गवत कापायला नको. पण निवासी भागात मेंढी चालते का? तिची परवानगी वेगळी लागेल.”

“मेंढ्यांचं सोडा!” पुठ्ठ्यांकडून एक बाई ओरडल्या. “वरून ती काच तळ्यासारखी दिसते. रानबदकं उतरणार. उतरली की चोची आपटणार. मग त्या बदकांची जबाबदारी कोणाची? जमीनमालकाची का कंपनीची?”

टटलनी तिघांपुढंही मान हलवली. बदकांच्या प्रश्नानं त्यांना रविवारभर झोप आली नाही. त्यांनी सौरऊर्जेवरची तीन पुस्तकं आणली. पहिलं वाचून ते पॅनेलच्या बाजूचे झाले, दुसरं वाचून विरोधात गेले, तिसरं वाचून एवढंच समजलं की पहिल्या दोन लेखकांचं एकमेकांशी वाकडं आहे.

जूनच्या शेवटी मंडळानं शेताची पाहणी ठेवली. पाचही सदस्य शेतात जमले. पाहणीत बोलायला बंदी नव्हती, पण टटलना हॉटेलातल्या तिघांचा धसका होता, इथं तर पाच. ते मुद्दाम इतरांपासून लांब चालू लागले. कोणी जवळ आलं की ते आणखी लांब जात. असं करत करत ते शेताच्या खालच्या टोकाला पोचले. तिथं पाणथळ आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण लक्ष मागं होतं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय बाहेर आला, बूट आला नाही.

कोरालीबाई घरातून काठी घेऊन आल्या, चिखलात काठी घालून त्यांनी बूट काढला, त्यातलं पाणी ओतलं आणि तो टटलना न देता गॅलूशाबाईंच्या हातात दिला.

“तुमच्या सदस्यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्याशी ते बोलत नाहीत.”

टटल एका पायावर उभे होते. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथं अर्जदार होती, प्रकरण पायाखाली होतं आणि आसपास आणखी चार सदस्य होते.

तरीही हे निभावून गेलं असतं. घात केला तो पाटीनं.

एका सकाळी टटल उठून बघतात तर कोचांची पाटी नाहीशी. कोणीतरी उपटून नेली होती. अंगणात आता एकटीच ‘सूर्य सगळ्यांचा’. येणारा जाणारा काय म्हणेल? नियोजन मंडळाचा सदस्य उघड एका बाजूनं! कोचांकडं दुसरी पाटी मागायची तर त्यांच्याशी बोलावं लागणार. शेवटी टटलनी कोठीतून एक फळी काढली, रंगाचा डबा उघडला आणि अंगणातच बसून ग्रंथालयातल्या सवयीप्रमाणं सुबक, गोल अक्षरात रंगवायला घेतलं, ‘आमची टेकडी, आमची नजर, काच नको’. ‘नको’ जरा बारीक आलं म्हणून त्यांनी ते पुन्हा जाड केलं.

मान वर केली तर कुंपणापाशी कोरालीबाई. हातात झाकलेली थाळी होती. आल्याच्या केकचा वास येत होता. इतक्या आठवड्यांनी, आपण होऊन, त्या रस्त्यानं वळसा घालून आल्या होत्या.

त्यांनी पाटी वाचली. सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचली.

“अक्षर छान आहे, मिस्टर टटल,” त्या म्हणाल्या. “‘नको’ तर फारच ठळक आलंय.”

“कोराली, हे मी... म्हणजे हे माझं मत नाही. समतोल राहावा म्हणून.”

“तुम्हाला समतोल राखायचा होता, तर मला नुसतं सांगायचं तरी होतं. तुमच्याशी भांडायला मला आवडलं असतं.”

त्या थाळी घेऊन परत गेल्या. आजवर बाई टटलना ‘अरे हॉलिस’ म्हणत आल्या होत्या. ‘मिस्टर टटल’ आणि ‘तुम्ही’ हे त्यांनी राखून ठेवलं होतं छपराचा अंदाज द्यायला येऊन दोनदा न फिरकलेल्या सुतारासाठी. टटल तसेच बसून राहिले. हातातल्या कुंचल्याचे थेंब गवतावर पडत होते. पाटी मात्र त्यांनी पूर्ण केली आणि रोवली. काय करणार, ती अर्धवट ठेवणंही एक मतच झालं असतं.

सुनावणी ऑगस्टमध्ये झाली, टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर. उकाडा मरणाचा. खिडक्या उघडल्या तर डास, बंद केल्या तर कोच. मंडळ लांब टेबलामागं बसलं होतं आणि टटल टोकाच्या खुर्चीत. गावाच्या टीव्हीवर दाखवण्यासाठी कोपऱ्यात एक कॅमेरा लावला होता. टटल त्याच्या कक्षेबाहेर सरकत सरकत भिंतीला टेकले होते.

कंपनीच्या माणसानं भिंतीवर नकाशा दाखवला. गावाचा नियम असा की पॅनेलच्या सगळ्यांत जवळच्या शेजाऱ्याच्या घरासमोर सदाहरित झाडांची उंच, दाट भिंत लावायची, म्हणजे त्या घरातून काही दिसू नये. कंपनी झाडं लावणार होती शेताच्या त्या घराकडल्या कडेला. टेकडीवरच्या घरासमोर लावायला झाडं उरत नव्हती.

“म्हणजे मला दिसणार!” कोच उठले. “सज्ज्यावर बसून मी काय काचा बघू?”

“कोच, वेळ आल्यावर बोला,” गॅलूशाबाई म्हणाल्या.

कोचांनी वकील आणला होता. तो उठला आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “हे सगळ्यांत जवळचं घर, ज्याच्यासाठी एवढी झाडं लागणार आहेत, ते आहे तरी कोणाचं?”

कंपनीच्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्यानं कागद चाळले. कोणी प्रश्न विचारावा आणि उत्तर माहीत असून द्यायचं नाही, हे ग्रंथपालाच्या रक्तातच नसतं. टटलनी हात वर केला.

“माझं.”

“तुमचं? म्हणजे तुमची जमीन या शेताला लागून आहे?”

“हो. मागचं दारच तिकडं उघडतं.”

“अरे बस खाली!” कोच आपल्याच वकिलावर खेकसले. “तो आपला माणूस आहे!”

पण वकील आता थांबणार नव्हता. त्याला शिकारीचा वास लागला होता. गावाचे कायदे सल्लागार झोपेतून उठल्यासारखे उठले आणि म्हणाले की लगतच्या जमिनीचा मालक या प्रकरणात मत देऊच शकत नाही, त्याला टेबलावर बसायचाही अधिकार नाही, हे तर शपथेच्या दिवशीच पाहायला हवं होतं. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हॉलिस टटल कुठं राहतात, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

“मिस्टर टटल,” गॅलूशाबाई चष्मा काढत म्हणाल्या, “तुम्हाला खाली प्रेक्षकांत बसावं लागेल. आता उरलो आम्ही चौघं आणि परवानगीला चार मतं लागतात. म्हणजे एकानंही नाही म्हटलं तर अर्ज फेटाळला.”

टटल उठले. सभागृहात एकच खुर्ची रिकामी होती, कोरालीबाईंच्या शेजारची. ती का रिकामी राहिली होती, हे सांगायला नको. बाईंच्या चेहऱ्याकडं बघून कोणी तिथं बसायला धजावलं नव्हतं. टटल बसले. बाई समोर बघत राहिल्या.

“म्हणजे तुम्ही सदस्य नव्हताच,” त्या कुजबुजल्या.

“नव्हतो असं दिसतंय.”

“मग उन्हाळाभर गप्प का होतात?”

“सदस्य होतो म्हणून.”

तेवढ्यात कोचांच्या जुन्या शिष्यांपैकी एक सदस्य टेबलामागून म्हणाला, “माफ करा, पण कोचांसमोर झाडं नसतील तर माझं मत विरोधात.” सभा हादरली. कंपनीचा माणूस म्हणाला की दोन्हीकडं झाडं लावणं त्यांना जमणारच नाही. कोरालीबाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. ॲरिझोना जवळ आलं होतं.

टटलना नंतर नीट आठवलं नाही की ते माइकपाशी कसे पोचले. समोर कॅमेरा होता आणि त्याचा लाल दिवा त्यांच्याकडंच बघत होता.

“नाव आणि पत्ता सांगा,” गॅलूशाबाई नियमाप्रमाणं म्हणाल्या.

“प्रिसिला, तुम्हाला ठाऊक आहे.”

“सांगावं लागतं.”

टटलनी नाव सांगितलं. पत्ता आता सगळ्यांना पाठ झाला होता. “पॅनेल चांगले की वाईट, मला कळलेलं नाही. मी तीन पुस्तकं वाचली. बदकांचं कोणीच लिहिलेलं नाही. पण ती झाडं... ती माझ्यासाठी लावताय ना? मला विचारलंच नाही कोणी. म्हणजे विचारलं असतं तरी मी बोलू शकलो नसतो, कारण मी सदस्य होतो, म्हणजे नव्हतो...”

“मिस्टर टटल, मुद्दा?”

“मला ती झाडं नको आहेत.” टटल यांचा आवाज प्रथमच मागच्या रांगेपर्यंत गेला. “त्या बाजूनं माझी वाट आहे. झाडं लावलीत तर वाट बंद होईल. आणि मला पलीकडची स्वयंपाकघराची खिडकी दिसते, ती दिसणार नाही. काचा दिसल्या तर दिसू देत. मला त्यांच्यावरून बघता येईल. माझी झाडं कोचना द्या.”

मग कायदे सल्लागार म्हणाले की जवळच्या घराचा मालक स्वतः झाडं नाकारत असेल, तर मंडळ ती दुसरीकडं लावायला सांगू शकतं. कंपनीच्या माणसानं हिशेब केला आणि मान डोलावली. कोचांचा शिष्य कोचांकडं बघू लागला.

“दाट लावाल ना?” कोच म्हणाले.

“दाट.”

“मग माझी काय हरकत आहे?”

चारही हात वर झाले. टाळ्या वाजल्या. कोणासाठी वाजल्या, हे वाजवणाऱ्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. कोच टटल यांच्याजवळ आले आणि त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा घसरला. “पहिल्यापासून ठाऊक होतं मला! माझ्या बाजूनं लढलास!” चर्चच्या बायका दुसऱ्या बाजूनं येऊन म्हणाल्या, “आम्हाला खात्री होती, हॉलिस, तुम्ही आमच्याच बाजूचे!” टटल कुठल्या बाजूचे होते, हे विचारायला कोणी थांबलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही थोडा वेळ लागला असता.

बाहेर पायऱ्यांवर अजून उजेड होता. कोरालीबाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

“झालं ते झालं,” त्या म्हणाल्या. “उद्या गुरुवार आहे.”

टटल खुलले आणि लगेच गंभीर झाले. “कोराली, निकालावर अपील करायला काही दिवसांची मुदत असते. मी लगतचा शेजारी आहे, मला अपील करता येतं. तेव्हा ती मुदत संपेपर्यंत मी एका अर्थी विरुद्ध पक्ष झालो. मग विरुद्ध पक्षानं अर्जदाराकडं क्रिबेज खेळायला जाणं...”

“अरे हॉलिस, तू अपील करणार आहेस का?”

“छे!”

“मग विरुद्ध पक्षाला सांग, चार वाजता ये म्हणावं. आणि रस्त्यानं नको, शेतातून ये.” बाई एक पायरी उतरल्या आणि वळल्या. “वाटेवर कमरेएवढं गवत माजलंय. चालायला माणूसच नव्हता.”